वाचक विचारतात : उत्तर श्रीलंकेतले सुरुंग आणि त्यातून वाचलेली माणसं

दिवाळी अंकात मी उत्तर श्रीलंकेतल्या भूसुरुंगांवर लिहिलं होतं. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. श्रीलंकेतलं युद्ध मे 2009 मध्ये संपलं. त्यानंतर भारत सरकारनं खर्च उचललेली सात पथकं तिथे सुरुंग काढायला गेली, त्यांतल्या एका पथकात मी होतो. आमच्यात बहुतेक सगळे माझ्यासारखेच निवृत्त सॅपर. वावुनियाच्या वरचा जो जंगल-तळ्यांचा पट्टा आहे, ज्याला तिथे वन्नी म्हणतात, तिथे आमचं काम चाले. लेखावर पुष्कळ पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं देतो आहे. कोणाचंही नाव छापलेलं नाही.

युद्ध संपून इतकी वर्षं झाली, तरी सुरुंग निघत कसे नाहीत? मोठा बुलडोझर फिरवला तर महिनाभरात जमीन मोकळी होणार नाही का? (एक वाचक, इचलकरंजी)

बुलडोझरचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो, आणि यंत्रं तिथे वापरतातही. चिलखती लोडर आहेत, साखळ्यांनी जमीन झोडपणारी यंत्रं आहेत. झाडोरा काढायला, बंकरांच्या ढासळलेल्या मातीचे ढिगारे उपसायला ती लागतातच. पण यंत्र फिरलं म्हणजे जमीन साफ झाली, असं कोणी सही करून देत नाही. वाळूत सुरुंग फुटायच्या ऐवजी खाली दाबला जातो, नाहीतर बाजूला ढकलला जातो. कधी अर्धवट तुटतो आणि त्याचा स्फोटक भाग तसाच मातीत राहतो. मग शेवटी माणसालाच गुडघ्यावर बसावं लागतं.

आता माणूस काय करतो ते सांगतो. एक मीटर रुंदीची पट्टी आखायची, दोन्ही बाजूंना खुंट्या आणि दोरी. अंगावर जाड एप्रन, तोंडावर काच. मेटल डिटेक्टर वाजला की तिथे सुरुंग आहे असंच धरायचं आणि बाजूनं हळूहळू माती काढत जायचं. ज्या भागात नऊ-दहा वर्षं तोफा डागल्या गेल्या तिथे डिटेक्टर कशाला वाजत नाही? गोळीची पुंगळी, तोफगोळ्याची कपची, पत्र्याचा तुकडा, खिळा. दिवसभरात शंभर वेळा वाजलं तर शंभर वेळा तीच सावधगिरी. शंभरावा आवाज खिळ्याचाच असेल असं मनात आलं, की त्या माणसाला मी त्या दिवसापुरतं पट्टीतून बाहेर काढत असे.

काही सुरुंगांत धातू जवळपास नसतोच. श्रीलंकेच्या लष्करानं पाकिस्तानी आणि चिनी बनावटीचे प्लास्टिकचे छोटे सुरुंग पेरले होते. एलटीटीईनं, म्हणजे लष्कराशी लढणाऱ्या तमिळ बंडखोरांनी, स्वतःच्या कारखान्यांत लाकडी पेटीचे सुरुंग बनवले. त्यांतला 'जॉनी' या नावाचा सुरुंग सगळ्यांना माहीत. लाकूड पावसात कुजतं, पेटी सैल होते, आणि तिला हात लावायचा म्हणजे आणखी काळजी. लष्कराच्या रांगांचे निदान नकाशे तरी असत, एक रांग सापडली की पुढची कुठे असेल याचा अंदाज येई. दुसऱ्या बाजूचे सुरुंग माघार घेताना घाईघाईत पेरलेले. वाटेवर, विहिरीजवळ, ताडाच्या बुंध्याशी, सैनिक सावलीला बसेल तिथे.

म्हणून त्या भागात दाताळ्याची पद्धत रुजली. लांब दांड्याची दोन दाताळी. जडानं माती सैल करायची, हलक्यानं ती आपल्याकडे ओढायची. आधी एक चर खणायचा आणि त्या चरातून पुढच्या मातीची कड थोडी थोडी पाडत सरकायचं. सुरुंगाचा दाब वरच्या चकतीवर असतो आणि दाताळं त्याला कडेनं गाठतं. दांडा लांब असल्यानं माणसाचं तोंड आणि छाती दूर राहते. या पद्धतीत लाकूड असो, प्लास्टिक असो, डिटेक्टर वाजो न वाजो, मातीत असलेली प्रत्येक वस्तू वर येते. पण वेग किती? एका माणसाची दिवसभराची साफ केलेली जमीन तुमच्या बैठकीच्या खोलीत मावेल. दगड किंवा मुळं लागली तर तेवढीही नाही.

जाफनाच्या वाटेवर मुहमालै नावाचं गाव आहे. एप्रिल 2000 मध्ये एलिफंट पास हा लष्करी तळ एलटीटीईच्या हाती गेला आणि युद्धाची आघाडी मुहमालैला येऊन थांबली. ती पुढे जवळजवळ युद्ध संपेपर्यंत तिथेच पुढेमागे होत राहिली. दोन्हीकडचे सैनिक रोज थोडे थोडे सुरुंग पेरत होते. जुन्या रांगेवर नवी रांग, तिच्यावर तिसरी. जगातल्या सगळ्यात दाट पेरलेल्या सुरुंगक्षेत्रांत मुहमालैचं नाव घेतात. हॅलो ट्रस्ट ही ब्रिटिश संस्था 2002 च्या युद्धविरामापासून श्रीलंकेत काम करते आहे आणि मुहमालैत तिची माणसं वर्षानुवर्षं खपली आहेत. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर झोडपतो, तेव्हा सखल भागात पाणी साचतं आणि काम थांबतं. पाणी ओसरलं की काही सुरुंग जागेवरून हललेले असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शंभरातले नव्व्याण्णव काढले तरी उरलेल्या एकासाठी अख्खं शेत पडीक राहतं. म्हणून वेळ लागतो. लागू द्यावा.

मी आठवीत आहे. उंदीर सुरुंग शोधतात हे खरं आहे का? आणि शेळ्या-मेंढ्या सोडल्या तर? (एक विद्यार्थी, नाशिक)

बाळा, उंदरांचं अगदी खरं आहे. आफ्रिकेत मांजराएवढ्या लांबीचा एक उंदीर असतो, त्याच्या गालात पिशव्या असतात. अपोपो नावाची संस्था त्याला स्फोटकाचा वास ओळखायला शिकवते. वास आला की तो जमीन खरवडतो आणि त्याला खाऊ मिळतो. तो इतका हलका असतो की सुरुंगावरून गेला तरी सुरुंग फुटत नाही. कंबोडियात 'मगावा' नावाच्या उंदरानं असे सुरुंग शोधले, म्हणून 2020 साली ब्रिटनमधल्या एका प्राणिसंस्थेनं त्याला सुवर्णपदक दिलं. जानेवारी 2022 मध्ये तो म्हातारपणानं गेला. टेनिसच्या मैदानाएवढी जागा असा उंदीर अर्ध्या तासात हुंगून काढतो, कारण तो लोखंडाकडे लक्षच देत नाही, फक्त स्फोटक शोधतो. मात्र त्यानं दाखवलेल्या जागी जाऊन सुरुंग काढायचं काम माणसाचंच.

शेळ्यांचं म्हणशील तर तसं कोणी करू नये. त्या मुक्या जिवाला मारायचा आपल्याला काय अधिकार? शिवाय शेळी जिथे पाय ठेवते तेवढीच जागा कळते. शेजारची वीतभर जमीन तशीच राहते.

माझे यजमान लष्करात होते. काश्मीरमध्ये गस्तीवर असताना सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवला आहे, चालतात, मोटरसायकलही चालवतात. पण रात्री नसलेल्या पायाची बोटं पिळवटल्यासारखी दुखतात म्हणतात. सासूबाई बाहेरचं काही असेल म्हणून अंगारा लावतात. हल्ली ते लग्नाकार्यात यायचं टाळतात. मी काय करू? (एक भगिनी, कोरेगाव तालुका, जि. सातारा)

ताई, तुमचं पत्र मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. माझी पत्नी म्हणाली, सगळ्यांत आधी हिला उत्तर लिहा.

पहिली गोष्ट, ते दुखणं खरं आहे. ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या डोक्यात काही बिघडलेलं नाही आणि बाहेरचंही काही नाही. पाय गेला तरी त्या पायाकडून येणाऱ्या नसा आणि मेंदूतली त्या पायाची जागा शाबूत असते. मेंदूला वाटत राहतं की पाय आहे आणि तो आखडलेला आहे. पाय किंवा हात गेलेल्या पुष्कळ जणांना हा त्रास होतो. सासूबाईंना दुखवू नका. अंगारा लावायचा तर लावू द्या, पण त्याबरोबर डॉक्टरही हवा.

पुढचं मी माझ्या एका मित्राला विचारून लिहितो. तो पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात जन्मभर पाय बनवत होता. लष्कराचं हे केंद्र 1944 पासून आहे. तो म्हणाला, आधी उरलेला पाय नीट तपासून घ्यायला सांग. कापलेल्या जागी नसेची गाठ झाली असेल, हाडाचं टोक वाढलं असेल, किंवा कृत्रिम पायाचा वरचा वाडगा, ज्यात मांडीखालचा भाग बसतो, तो सैल झाला असेल तर त्या जागेला सतत टोचत राहतं आणि रात्री दुखणं उसळतं. उरलेला भाग वर्षागणिक थोडा थोडा आकसतो, त्यामुळे सुरुवातीला घट्ट बसलेला वाडगा पुढे डुगडुगतो. कित्येक जण जादा मोजे घालून वर्षं काढतात. कृत्रिम पाय मोठ्या माणसाचा साधारण तीन ते पाच वर्षांनी बदलावा लागतो. लहान मुलाचा तर वाढत्या वयात दर सहा महिन्यांनी. तुमच्या यजमानांचा शेवटचा कधी बदलला होता?

नसांच्या दुखण्यावरची औषधं नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांहून वेगळी असतात, ती डॉक्टरांनीच द्यायची. आरशाचा एक व्यायाम आहे. दोन पायांच्या मध्ये आरसा असा उभा धरतात की चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसतं. मग चांगल्या पायाची बोटं उघडमीट करायची. मेंदूला दिसतं की तो आखडलेला पाय मोकळा झाला. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण ज्यांना येतो त्यांची झोप परत येते. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मग घरी करता येईल. साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं, कार्ड घेऊन तिथे एकदा दोघं मिळून जा आणि पाय बदलण्याचा कागद पुढे सरकवा. युद्धजखमी म्हणून निवृत्तिवेतनात जे मिळायला हवं ते सगळं मिळतं आहे ना, तेही तिथेच विचारून घ्या. संकोच करू नका, हे दान नव्हे.

आता लग्नाकार्याचं. वन्नीत एक बाई भेटली होती. मुल्लैतिवूच्या किनाऱ्यावरची, नवरा मासेमारी करायचा, तो युद्धात गेला. ही सरपणाला गेली आणि पाय गेला. तिला पाय मिळाला होता, पण ती देवळात जाईना. आम्हाला वाटलं, तिला लाज वाटते. आमच्या दुभाष्यानं खोदून विचारलं तेव्हा कळलं की तिला दिलेला पाय बुटाचा होता. देवळाबाहेर बूट काढावे लागतात आणि बूट काढला की पाय डुगडुगायचा. जमिनीवर मांडी घालूनही बसता येत नव्हतं. सगळ्या बायका सतरंजीवर बसायच्या आणि हिनं काय खुर्ची मागायची? 1968 साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिरानं मिळून जो जयपूर फूट घडवला तो याच अडचणीसाठी. रबराचा, अनवाणी चालता येईल असा, उकिडवं बसता येईल असा, भाताच्या चिखलात उतरता येईल असा. जाफनात 1987 पासून जयपूर पाय बसवणारं एक केंद्र आहे. युद्ध चालू असतानाही ते सुरू होतं. तिथून तिला दुसरा पाय मिळाला. नंतर ती देवळात जायला लागली का, हे मला सांगता येणार नाही, आमचं पथक तोवर पुढच्या गावाला गेलं होतं. पण नेमकी अडचण कोणती हे तिला कोणीतरी विचारायला हवं होतं, ते एकदाचं विचारलं गेलं.

तुम्हीही तसंच विचारा. ते लग्नाला येत नाहीत ते लोक बघतात म्हणून, की पंगतीत खाली बसता येत नाही म्हणून, की तासभर उभं राहिलं की दुखतं म्हणून? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पंगतीची अडचण असेल तर ती एका वेगळ्या पायानं सुटेल. लोकांची असेल तर त्यांना त्यांच्यासारख्या माणसांत न्या. खडकीत आमच्या बीईजी, म्हणजे बॉम्बे सॅपर्सच्याच, केंद्रात लष्कराचे पॅरा खेळाडू तयार होतात. नागालँडचे होकाटो सेमा याच वाटेनं गेलेले. 2002 साली काश्मीरमध्ये सुरुंगात त्यांचा डावा पाय गेला. गोळाफेकीला सुरुवात केली ती पुण्यात, 2016 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये 14.65 मीटर गोळा फेकून कांस्यपदक आणलं. प्रत्येकानं पदक आणावं असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्या यजमानांनी एकदा खडकीला येऊन त्या पोरांचा सराव बघावा. मी सोबत येतो. संपादकांकडे माझा पत्ता आहे.

लेखात तुम्ही लिहिलंत की तिथे बायका सुरुंग काढतात. घरचे पाठवतात कसे? पगार बरा मिळतो का? (बचत गटातल्या भगिनी, वाई)

घरचे पाठवतात असं नाही, पुष्कळ जणींच्या घरी पाठवणारं कोणी उरलेलंच नाही. युद्धानं विधवा झालेल्या, नवरा बेपत्ता असलेल्या, स्वतःच घर ओढणाऱ्या या बायका. हॅलो ट्रस्टसारख्या संस्थांनी त्यांना मोठ्या संख्येनं घेतलं. पहाटे अंधारात डबा भरून निघायचं, ऊन चढण्याआधी काम सुरू करायचं, एप्रन आणि काचेखाली घामानं भिजायचं. प्रत्येक जागेवर वैद्यकीय माणूस आणि रुग्णवाहिका उभी असते. ती नसेल तर दाताळं उचलायचंच नाही. आम्ही त्यांना 'अक्का' म्हणायचो, तिकडे मोठ्या बहिणीला असंच म्हणतात. एकदा मी एका अक्काला विचारलं, भीती वाटत नाही का? ती म्हणाली, ही जमीन माझ्या माहेरची आहे.

हात त्यांचे फार सावध. आमच्या जवानांत घाई असते, पुरुषी हट्ट असतो. या बायका ज्या पट्टीत काम करत तिथे दुसऱ्यांदा तपासणीला गेलो तर क्वचितच काही सापडे. पगार गावातल्या मजुरीपेक्षा बरा आणि दर महिन्याला हातात येणारा. मुलांची शाळा त्यावर चालते.

मला काळजी वेगळी वाटते. श्रीलंका डिसेंबर 2017 मध्ये भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारात आली आणि त्यातल्या अटीनुसार तिला 1 जून 2028 पर्यंत सगळी जमीन साफ करायची मुदत मिळाली. जमीन साफ झाली की या बायकांची नोकरीही संपते. पन्नाशीला आलेल्या, पाठीच्या दुखण्यानं वाकलेल्या बाईनं मग काय करायचं? गाड्या चालवणं, शिवणकाम, नारळाच्या काथ्याचे उद्योग असं काहीतरी त्यांना आतापासून शिकवायला हवं आणि त्यासाठी पैसा लागतो. शेवटचा सुरुंग निघाल्याची बातमी आली की देणगीदार देश दुसरीकडे वळतात, हे जगभर घडत आलं आहे. तुमच्या गटाला पैसे पाठवायचे असतील तर ज्या संस्था कृत्रिम पाय आणि रोजगार दोन्ही सांभाळतात त्यांच्याकडे पाठवा. भारतात भगवान महावीर विकलांग सहायता समिती, जयपूर, ही 1975 पासून पाय फुकट बसवून देते.

भारतानं भूसुरुंगबंदीच्या ओटावा करारावर सही का केलेली नाही? लष्करातला माणूस म्हणून तुमचं मत काय? (एक निवृत्त प्राध्यापक, पुणे)

सरकारची भूमिका अशी की आपल्या सीमा लांब आहेत, शेजारी बेभरवशाचे आहेत आणि सुरुंगांना पर्याय मिळेपर्यंत सैन्याला ते सोडता येणार नाहीत. सुरुंगमुक्त जगाचं ध्येय आपल्याला मान्य आहे, असंही भारत सांगतो, आणि सुरुंग किती काळ, कुठे, कसे वापरायचे यावर मर्यादा घालणारा एक वेगळा आंतरराष्ट्रीय करार आपण स्वीकारला आहे. ओटावा करार 1997 चा. त्याच साली त्यासाठी झटणाऱ्या मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना शांततेचं नोबेल मिळालं.

माझं मत विचारता, तर सांगतो. संसदेवर हल्ला झाल्यावर डिसेंबर 2001 मध्ये ऑपरेशन पराक्रम सुरू झालं. राजस्थान, पंजाब, जम्मूच्या सीमेवर आम्ही सुरुंग पेरले. हुकूम होता आणि तेव्हा तो मला योग्य वाटला होता, आजही वाटतो. पेरणं एका रात्रीचं काम. पण 2002 च्या शेवटी काढायला घेतले तेव्हा राजस्थानात वाळूच्या टेकड्या जागच्या हललेल्या होत्या. पंजाबात शेतकरी बांधावर उभे राहून विचारत, साहेब, पेरणी कधी? काढताना आमची चांगली माणसं गेली. शेतकऱ्यांचेही पाय गेले. सैनिकाच्या हातात सुरुंग हवा की नको, याचा निर्णय सरकारनं करावा, तो माझ्या पगाराबाहेरचा आहे. पण पेरणाऱ्यानंच काढले पाहिजेत आणि त्यात पाय गमावलेल्या शेतकऱ्याला जन्मभर पाय मिळाला पाहिजे, ही अट सही न करताही पाळता येते. 2025 मध्ये फिनलंड, पोलंड आणि बाल्टिक देशांनी या करारातून बाहेर पडायचं ठरवलं. त्यांना रशियाची भीती आहे, ती मी समजू शकतो. तरी मला वाईट वाटलं. मोझांबिकनं 2015 साली देश सुरुंगमुक्त जाहीर केला, तिथे वीस-बावीस वर्षं लागली. हे पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये.

आम्ही सहकुटुंब जाफनाला नल्लूरच्या कंदस्वामी मंदिरात जाणार आहोत. धोका आहे का? (एक वाचक, ठाणे)

निर्धास्त जा. शहर, देवळं, ए-9 महामार्ग, रेल्वे सगळं मोकळं आहे. रस्त्यापासून दूर कुठे लाल पाटीवर कवटी दिसली किंवा लाल खुंट्यांची रांग दिसली तर तिच्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. मुलांना सांगून ठेवा, रस्त्याकडेला पडलेली धातूची किंवा प्लास्टिकची अनोळखी वस्तू उचलायची नाही. चुकून अशा जागेत शिरलातच तर आहात तिथेच थांबा, हाका मारा, मदत येईपर्यंत हलू नका.

आमच्याकडे पेपरात 'भूसुरुंग स्फोट' हेच शब्द येतात. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ पंधरा जवान आणि गाडीचालक गेले. तो आणि तुमचा सुरुंग एकच का? आमच्या जंगलात असे राहिलेले असतील तर? (एक शिक्षक, कुरखेडा, जि. गडचिरोली)

गुरुजी, त्या दिवशी गेलेल्यांना माझा नमस्कार. रस्त्याखाली पुरलेल्या मोठ्या स्फोटकापाशी बहुतेक वेळा कोणीतरी दबा धरून बसलेलं असतं. गाडी आली की तो वायरीनं किंवा रिमोटनं ते उडवतो. वन्नीतला सुरुंग मात्र कोणाची वाट बघत नाही. पाय कोणाचा, सैनिकाचा की सरपण गोळा करणाऱ्या पोरीचा, हे त्याला कळत नाही. त्यात स्फोटक कधी जेमतेम तीस-पन्नास ग्रॅम असतं, जीव घ्यायला नव्हे तर पाय तोडायला पुरेल एवढंच. जखमीला उचलायला आणखी दोघं अडकतात, असा त्यामागचा हिशेब.

पण तुमचा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तुमच्या शेजारी बस्तरमध्ये पाय पडला की फुटणारे दाबाचे बॉम्बही पेरले गेले, आणि तेंदू-मोह वेचायला गेलेली माणसं, गुरं त्यात सापडली. लढाई थंडावते तेव्हा असे बॉम्ब मागे उरतात, कारण पेरणारा एकतर मेलेला असतो, नाहीतर शरण आलेला. शरण आलेल्यांना कुठे काय पुरलं ते विचारून त्याचा नकाशा करणं हे आत्ताच करायला हवं, त्यांच्या आठवणी ताज्या आहेत तोवर. वन्नीत तसं माहीत असलेली माणसं पांगली आणि आम्हाला वीतवीत जमीन चाळावी लागली. शाळेत मुलांना तीन गोष्टी शिकवा. हात लावायचा नाही, जागच्या जागी थांबायचं, मोठ्या माणसाला किंवा पोलिसांना सांगायचं. भंगार म्हणून लोखंड गोळा करणाऱ्या पोरांवर जास्त लक्ष ठेवा. श्रीलंकेत युद्धानंतर भंगार वेचणारेही सुरुंगांना बळी पडले. आणि तुमच्या तालुक्यात कोणाचा पाय गेलेला असेल तर त्याला एकदाच पाय बसवून फोटो काढणाऱ्यांवर भागवू नका. त्याचा पाय कधी बदलायचा याची तारीख ग्रामपंचायतीत लिहून ठेवा.

मला कृत्रिम पाय बनवायचं शिक्षण घ्यायचं आहे. बारावी सायन्सला आहे. घरचे म्हणतात, एमबीबीएस नाही तर नर्सिंग कर. याचं वेगळं शिक्षण असतं का? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

असतं. बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, म्हणजे बीपीओ, ही पदवी आहे आणि भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतच ती घ्यायची. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे हा अभ्यासक्रम चालतो. घरच्यांना सांग की हे डॉक्टरच्या खालचं काम नाही. पाय कापणारा डॉक्टर रुग्णाला काही दिवस भेटतो, पाय बनवणारा जन्मभर.

सुट्टीत आईला घेऊन एकदा हाजीअलीला जा आणि कार्यशाळा बघून ये. प्लास्टरच्या धुळीनं माखलेली माणसं, कानस, भट्टी, आणि बाकावर पाय सोडून बसलेले लोक. ते बघून मन घट्ट राहिलं तर अर्ज भर. शिकताना खाली बसता येणाऱ्या, शेतात चालणाऱ्या पायांवर जास्त वेळ दे, शहरातल्या बुटाच्या पायांवर काम करणारे पुष्कळ आहेत. पदवी झाल्यावर मला कळव. जाफनातल्या त्या केंद्राशी तुझी गाठ घालून द्यायचा मी माझ्या जुन्या ओळखीतून प्रयत्न करीन. तोवर थोडं तमिळ शिकून घे. 'वलिक्कुदा?' एवढं आलं तरी पहिल्या दिवशी पुरेल, म्हणजे 'दुखतंय का?'